ठकीनं खाल्लेलं गोड

१

ठकीचं तोंड भाजलं तेव्हा चाळीतल्या एकाही घरात चूल पेटलेली नव्हती. चैत्रातली दुपार होती. पुरुष कारखान्यात आणि बाया नळाच्या रांगेत होत्या. चार वर्षांची ठकी किंचाळत घरातून निघाली आणि शेजारच्या कौशल्याबाईंच्या ओट्यावर येऊन पडली. ओठ सुजलेले, जीभ पांढरी पडलेली आणि तोंडातून लाळेची धार लागलेली.

बाया धावल्या. कुणीतरी शहाणपणानं पेलाभर मिठाचं पाणी आणलं. पोरीनं काहीतरी खाल्लंय, उलटी काढा म्हणाली. तेवढ्यात ठकीची सावत्र आई दुर्गाबाई नळावरून आली. तिनं पोरीच्या ओठांवरून बोट फिरवलं आणि पेला हाताच्या फटक्यानं उडवून दिला. मग पोरीचं तोंड पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतलं, दोन घोट दूध पाजलं आणि तिला खांद्यावर टाकून ती कारखान्याशेजारच्या दवाखान्याकडे पळत सुटली.

डॉक्टरांनी सांगितलं, हा जहाल सोडा आहे, कॉस्टिक. कारखान्यात बाटल्या धुवायला वापरतात तोच. पोर वाचेल, पण गळा आतून भाजलाय, कित्येक महिने जपावं लागेल.

त्या रात्री ठकी एकदाच बोलली. सुजल्या ओठांतून दोन शब्द कसेबसे बाहेर आले.

"गोड खाल्लं."

सोडा काही गोड नसतो. तेव्हा पोरीला कुणीतरी गोडातून सोडा चारला, असं चाळीनं ठरवून टाकलं.

२

आम्ही पिंपरीत नवे. आमचे हे, म्हणजे नानासाहेब, पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि पुण्याची पेठ सोडून इथं चाळीमागे दोन खोल्या बांधून राहिले. हवा मोकळी म्हणून आलो. खरं कारण हे की पेठेत यांना ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. निवृत्त फौजदार घरात असणं म्हणजे काय, ते मला विचारा. दूध उतू गेलं तरी साक्षीपुरावे होतात. त्यात डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ बंद केलेलं, त्यामुळे जिभेला चव नव्हती आणि स्वभावालाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कौशल्याबाई आमच्या दारात आल्या. पन्नाशीची बाई. पोटी मूल नाही, म्हणून चाळीतल्या सगळ्या पोरांचे लाड करायच्या. डोळे रडून लाल झाले होते.

"इंदुताई, साहेबांना सांगा काहीतरी. मी त्या दिवशी सकाळी ठकीला दोन बत्तासे दिलते. ती सुभद्राबाई म्हणतीया, बत्ताशाच्या पोटात सोडा भरला हुता. मी न्हाईतर दुर्गीनं. आणि उद्या सकाळी कुरुळीवरनं त्यांची बैलगाडी यायची हाय. ठकीला कुरुळीला नेणार, आणि दुर्गीला माहेरी, सोलापूरच्या गाडीत बसवून देणार. कायमची."

सुभद्राबाई ही ठकीची आत्या. कुरुळीला दिली होती. घरची शेतीवाडी चांगली आणि बोलण्याला धार. ठकीची आई बाळंतपणात गेली तेव्हा पोर दीड वर्षाची होती, तिला या आत्यानंच वाढवलं. गेल्या वर्षी भावानं दुसरं लग्न केलं, आणि दिवाळीनंतर पोर पिंपरीला आली.

"दुर्गाबाई काय म्हणते?" नानासाहेबांनी विचारलं.

"ती काय म्हणणार? पोरीपाशी बसून ऱ्हाती. कुणी कायबी बोललं तरी ऐकून घेती."

नानासाहेबांनी कोट चढवला. मी म्हटलं, मीही येते. बायकांच्या घरात पुरुषाला दिसत नाही ते मला दिसेल. ते म्हणाले, फौजदाराला सगळं दिसतं. मी चपला घातल्या.

आधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या मिठाईवाल्याकडे गेलो, बत्तासे त्याच्याकडचेच होते. खूबचंद सिंधहून आलेला. त्याला बातमी आधीच पोचली होती आणि तो घाबरला होता.

"साहेब, त्याच परातीतले बत्तासे माझ्या पोरांनी पण खाल्ले. बघा, आहेत अजून," तो म्हणाला, आणि आमच्यादेखत चार बत्तासे एकदम तोंडात टाकले.

नानासाहेबांनी एक बत्तासा बोटांत धरला. दाब पडताच त्याचा भुगा झाला.

"याला भोक पाडून सोडा भरायचा तर सोनाराचे हात पाहिजेत," ते मला म्हणाले. "शिवाय बत्तासे सकाळी खाल्ले आणि तोंड भाजलं दुपारी. बत्तासा सुटला. आता सोडा आला कुठून, आणि पोर त्याला गोड का म्हणाली? दोन्हीचं एकच उत्तर मिळालं, तरच ते खरं."

३

ठकीच्या बापाचं, ज्योतीरामचं घर एका खोलीचं. ठकी कोपऱ्यात निजली होती आणि दुर्गाबाई कापसाच्या बोळ्यानं तिच्या ओठांना तूप लावत होती. वीस-बावीस वर्षांची, काटकुळी पोरगीच ती. दाराशी सुभद्राबाई पाय पसरून बसल्या होत्या, बोचकं बांधून तयार.

"या साहेब," सुभद्राबाई म्हणाल्या. "पण इचारायचं काय राहिलंय? सोडा हाय, हे डाक्टरच्या आधी हिला कळलं. आमी मिठाचं पानी पाजत हुतो, ते हिनं उडवलं. का? पोटातलं भाईर येईल आन् कळंल, म्हनून. सावत्र ती सावत्रच."

नानासाहेब दुर्गाबाईकडे वळले. "सोडा आहे हे तुला कसं कळलं, बाळ?"

"ओठ बुळबुळीत लागले की, साबणावानी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "माझा भाऊ सोलापुरात सूत रंगवायच्या कामावर हुता. त्यानं पाणी समजून सोड्याचं पाणी प्यालं. लोकांनी उलटी काढली. जाताना जाळलं त्यापरीस येताना जास्ती जाळलं. तिथले डाक्टर म्हणाले, उलटी काढली नसती तर जगला असता." ती थांबली. "मी तवा त्याच्या उशापाशी हुते."

सुभद्राबाईंनी तोंड फिरवलं. ऐकलं मात्र.

"घरात सोडा आहे?"

"न्हाई. चाळीत बऱ्याच जणींकडं हाय. अर्धी चाळ मुरंब्याच्या कारखान्यात. बाटल्या धुवायच्या खात्यातनं पुडीभर आणत्यात समदे. मला वाटलं, पोर कुणाच्यातरी ओट्यावर गेली आसंल."

तेवढ्यात ज्योतीराम आला. तोही त्याच खात्यात, बाटल्या धुण्यावर. उंच, खांद्यातून वाकलेला, कुणाकडे सरळ न बघणारा.

"मी कंदी घरी सोडा आनला न्हाई," न विचारताच तो म्हणाला. "कंपनीतनं भाईर न्यायला बंदी हाय. घावलं तर नोकरी जाती."

"तुला बातमी कुठं मिळाली?"

"खात्यातच. कौशल्याबाईंचा मालक सांगत आला, पोरीचं तोंड भाजलंय, दवाखान्यात नेलीया."

"दवाखाना कारखान्याच्या फाटकाला लागूनच आहे. लगेच पोचला असशील."

"न्हाई. घरी आलो आदी. घोंगडी न्यायला. पोरीला गार वाटू नये म्हनून."

नानासाहेब खोलीभर नजर फिरवत हिंडले. मीही बघत होते. मला दिसली ती मोरी. चाळीतल्या बाकी मोऱ्या शेवाळ्यानं हिरव्या आणि कडेनं काळ्या, आणि ही मोरी दगडाचा रंग दिसावा इतकी लख्ख.

"मोरी छान ठेवलीस गं," मी दुर्गाबाईला म्हटलं.

"हे घासत्यात. आठवड्याला, मी बाजारला गेले की. विटकरीनं."

विटकरीनं शेवाळ जातं, पण दगडाच्या फटीतला वर्षांचा चिकटा जात नाही. आयुष्यभर मोऱ्या घासलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको. मी ते मनाशी ठेवलं.

नानासाहेब चुलीवरच्या फळीपाशी थांबले. चुलीशेजारी वळकट्यांची चळत होती, म्हणजे चार वर्षांचं पोर वर चढू शकेल. फळी धुरानं काळी झालेली. तिच्यावर डबे, चिनीमातीची बरणी, आणि त्यांच्यामध्ये एक वाटोळा उजळ डाग, जिथं धूर बसला नव्हता.

"इथं काय होतं?"

"मिठाचा डबा," दुर्गाबाई म्हणाली. "गंजला म्हणून महिन्यामागं मीठ बरणीत काढलं. डबा रिकामाच हुता. कुठं गेला कोण जाणे."

मिठाचा डबा म्हटल्यावर यांचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर म्हणाले, "मीठ कसलं गोड? मला वाटलं साखरेचा डबा असेल. ही वाट बंद झाली."

उद्याची गाडी यायला एकच रात्र उरली होती आणि आमच्याकडे होता एक काळ्या फळीवरचा डाग.

४

दिवसभर आम्ही चाळीत घरोघर विचारत हिंडलो, हाती काही लागलं नाही; संध्याकाळी कौशल्याबाईंनी जेवूनच जायचा आग्रह धरला. मी त्यांना बाजूला घेऊन यांच्या पथ्याचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण चांगल्या सुगरणीच्या हाताला पथ्य कळत नसतं.

दिवेलागण झाली होती. कौशल्याबाईंनी कंदील लावला, दिव्याला हात जोडले, पानं वाढली. नानासाहेबांनी वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. तो उजळलेला बघून मला काळजी वाटली.

"कौशल्याबाई, भाजी खारट झालीय," मी म्हणाले.

"आगंबाई. व्हय का? घाईत गोडं जास्ती पडलं जनू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "गोड नाही हो, खारट."

"त्येच म्हंते मी. गोडं जास्ती पडलं."

नानासाहेबांचा हात ताटावर थांबला. "कौशल्याबाई, त्या बरणीत काय आहे?"

"गोडं."

"सकाळी काय म्हणता त्याला?"

बाई कंदिलाकडे बघून संकोचल्या. "सकाळी म्हंतो की त्याचं नाव. पन दिवं लागल्यावर घिऊ नये ते नाव. घरातली लक्षुमी जाती. म्हनून गोडं म्हनायचं. आमच्याकडं समदीच म्हंत्यात. तुमच्यात न्हाई म्हनत?"

आमच्या पेठेत मिठाला मीठच म्हणतात, दिवसा आणि रात्रीही. मी यांच्याकडे बघितलं. हे ताटावरून उठत होते. भरल्या ताटावरून उठलेले मी त्यांना बत्तीस वर्षांच्या संसारात बघितले नव्हते.

"आपण सगळ्यांना दिवसा विचारत बसलो," ते म्हणाले. "ज्योतीराम घरी आहे का बघा."

५

ज्योतीरामच्या खोलीत कंदील जळत होता. सुभद्राबाई, दुर्गाबाई, ज्योतीराम, मागोमाग आलेल्या कौशल्याबाई आणि आम्ही दोघं. ठकी जागी होती.

नानासाहेब तिच्याशेजारी खाली बसले. आवाज इतका मऊ काढला की मला माझ्या नवऱ्याची नव्यानं ओळख झाली.

"ठके, बोलू नकोस. नुसतं बोट दाखव. गोड कुठं होतं?"

ठकीनं आधी दुर्गाबाईकडे बघितलं. दुर्गाबाईनं मान डोलावली. मग पोरीनं हात वर केला आणि फळीवरच्या त्या उजळ डागाकडे बोट दाखवलं.

सुभद्राबाईंच्या तोंडून "आगं आई" एवढंच निघालं, कारण त्यांना सगळ्यात आधी कळलं.

"दिवाळीपासून ही पोर रोज संध्याकाळी ऐकते," नानासाहेब म्हणाले. "गोडं काढ. गोडाला हात लावू नको, सांडंल. थोरांना कळतं की ते मीठ. पोरीला एवढंच कळलं की वरच्या त्या डब्यात गोड आहे आणि ते आपल्याला देत नाहीत. आत्याबाई, कुरुळीला मीठ कुठं असायचं?"

"परसात, रांजनात," सुभद्राबाई पुटपुटल्या. "आमी रांजनातलं म्हंतो. गोडं न्हाई म्हनत. तिला कसं ठावं आसंल."

"दुपारी घरात कुणी नव्हतं. ती वळकट्यांवर चढली, डबा उघडला आणि आतलं पांढरं तोंडात टाकलं. मीठ असतं तर थुंकून मोकळी झाली असती. पण मीठ बरणीत गेलं होतं, आणि रिकाम्या डब्यात कुणीतरी सोडा भरून ठेवला होता. दुर्गाबाईनं नाही. तिचा भाऊ सोड्यानं गेलाय. ती खाण्याच्या डब्यात सोडा ठेवेल का? आणि तिनं ठेवला असता तर ओठ बुळबुळीत लागताच आधी फळीकडे बघितलं असतं. ती पोरीला घेऊन पळाली."

"मंग डबा कुठाय?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"तेच. डब्याला पाय नसतात. पोर किंचाळत बाहेर पळाली, म्हणजे डबा तिनं जागेवर ठेवला नाही, तो इथंच सांडून पडला होता. दुर्गाबाई दवाखान्यात. तुम्ही तिच्यासोबत. मागं या खोलीत एकच माणूस आलं." नानासाहेबांनी मान वळवली नाही. "पोटच्या पोरीचं तोंड भाजलंय कळल्यावर बाप शेजारच्या दवाखान्यात न जाता घरी येतो. घोंगडी न्यायला. चैत्रात."

ज्योतीराम भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला.

"आमच्या हिनं मोरी बघितली," नानासाहेब म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण मी त्यांना मोरीचं काही सांगितलं नव्हतं. फौजदाराला सगळं दिसतं म्हणतात ते काही अगदी खोटं नसावं. "ती विटकरीनं नाही, सोड्यानं निघालीय."

"समदे आनत्यात," ज्योतीराम म्हणाला. "मोरीला वास यायचा, हिला तरास व्हायचा, म्हनून आनला. डबा मोकळा दिसला, वर ठिवला. पोराच्या हाताला लागू नये म्हनूनच वर ठिवला हो साहेब. तोंड भाजलं आयकलं आन् माझ्या पायाखालची जमीनच गेली. घरी आलो तर डबा पडल्याला, सोडा सांडल्याला. पुसला. डबा पवना नदीच्या डोहात टाकला. वाटलं, नोकरी गेली तर पोरीला औषिद कुठनं आनू."

"आणि बायकोला सोलापूरच्या गाडीत बसवताना काय वाटलं?" हे मी विचारलं. मला राहवलं नाही. त्या क्षणी मला त्या माणसाची कीव आली नाही, फक्त राग आला.

दुर्गाबाई उठली. आतापर्यंत जिचा आवाज खोलीबाहेर गेला नव्हता ती बाई नवऱ्यासमोर उभी राहिली. ती ओरडली नाही.

"पोरीचं तोंड भाजलं हुतं, तरी ती बोलली," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाला काय झालं हुतं?"

६

नानासाहेबांनी पोलिसांत वर्दी दिली नाही. ज्योतीरामला मात्र एक अट घातली. सकाळी चाळीच्या मधल्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांना सांगायचं, स्वतःच्या तोंडानं, काहीही न लपवता. त्यानं सांगितलं. सांगताना रडला. ऐकता ऐकता बाया एकेक करून घरात गेल्या आणि बाहेर येऊ लागल्या. एकीच्या हातात तुपाच्या बुधलीत ठेवलेला सोडा, दुसरीच्या हातात सरबताच्या बाटलीतलं फिनेल. कौशल्याबाईंनी तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत घासलेट भरून ठेवलं होतं, आणि ती बाटली उशाशी असायची. पोरांना इतका जीव लावणारी बाई ती. बाटली हातात धरून कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिली.

डॉक्टर आले होते. ते चिडलेले होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. "खाण्यापिण्याच्या भांड्यात हे विष ठेवायचं नाही. उंच ठेवून भागत नाही, पोरं चढतात. कुलपात ठेवा. आणि कुणी प्यालंच तर उलटी काढू नका, तोंड धुवा आणि माझ्याकडे पळा. या पोरीची आई वागली तसं वागा."

आई म्हणाले ते. चाळीनं ऐकलं.

कुरुळीची बैलगाडी आली तेव्हा ऊन चढलं होतं. गाडीवान बोचकं उचलायला दाराशी आला. आम्ही दोघं ओट्यावर होतो. नानासाहेब उगाच मिशी चाचपत होते. ज्योतीराम उंबऱ्यात डोकं धरून बसला होता, आणि दुर्गाबाईनं त्याच्यासाठी चहा ठेवला नव्हता. तो राग लवकर उतरणारा नव्हता, आणि उतरावा असं मलाही वाटत नव्हतं.

सुभद्राबाई उठल्या. बोचक्यापाशी गेल्या. ठकीकडे बघितलं. पोर दुर्गाबाईच्या मांडीवर होती, तिच्या पदराचं टोक मुठीत गच्च धरून. दोन वर्षं आपल्या पदराला धरलेलं पोर आता दुसरीच्या पदराला धरून आहे, हे बघणं सोपं नसतं. त्यांचे डोळे भरून आले.

"गाडी माघारी ने," त्या गाडीवानाला म्हणाल्या. "मालकांना सांग, चार दिस राहून येती."

मग त्यांनी बोचकं सोडलं. त्यातून कुरुळीहून आणलेल्या तांदळाच्या कण्यांची पिशवी काढली आणि चुलीपाशी बसल्या. काटक्या पेटवल्या. पातेल्यात पाणी ओतलं. कण्या मुठीत घेऊन थांबल्या आणि मान न उचलता त्यांनी विचारलं,

"दुर्गे, पेज किती पातळ करू गं?"